हाळीसाठी लावलेला स्पीकर

आमच्या जुन्या ट्रकमध्ये मी जी साउंड सिस्टीम बसवली, तिचं गावात अजून कौतुक होतं. लग्नसराई आली की कुणीतरी दारात उभा राहतो आणि म्हणतो, "तुमच्या गाडीचा आवाज लई किलियर हाय, वरातीला द्या की." मी देत नाही. कारणही सांगत नाही. लोक मला माजलेला म्हणतात, म्हणोत बापडे. ज्या कामासाठी तो आवाज एवढा स्वच्छ करून घेतला ते काम संपलं. ते कसं संपलं हे वरातीत नाचायला निघालेल्या माणसाला सांगत बसायची मला गरज वाटत नाही.

आम्ही कडा गावाच्या बाजूचे. मेंढरं राखणारं घर. दिवाळी सरली की कळप घेऊन माजलगावकडं उतरायचं, धरणाच्या पाण्यावर हिरव्या राहिलेल्या पट्ट्यात शेतोशेत मुक्काम करायचा आणि पावसाच्या तोंडावर परत आपल्या माळावर यायचं, असं आमचं वर्ष. आधी सगळा संसार घोड्याच्या पाठीवर असायचा. घोड्याच्या जागी ट्रक आला तो मी चालवायला लागलो तेव्हा. तोही कुणीतरी वापरून वापरून वैतागलेला, दारं खडखडणारा. त्यात भांडीकुंडी, कोंबड्या, आजारी कोकरं, मेंढरं कोंडायची जाळी आणि माझी माय. आबा, म्हणजे माझे वडील, त्यात कधी बसायचे नाहीत. ते कायम पायी, कळपाच्या पुढे.

पुढे म्हणालो ते मुद्दाम. आबांनी मेंढरं मागून हाकली नाहीत, पुढून बोलावली. ओठांनी लांब 'टुर्र्र' करायचे, मग घशातून वर चढत जाणारा 'ह्याऽऽव' आणि शेवटी जिभेची एक टिचकी. एवढ्यावर सगळा कळप माना वर करायचा आणि निघायचा. मी तीच हाळी मन लावून शिकलो होतो. मी दिली की मेंढरं माझ्याकडं बघायची आणि परत चरायला लागायची. मला त्याचा राग यायचा. आबांना हसू यायचं.

त्या हाळीला आबांचा एक नियम होता. विकायच्या जनावराला हाळी द्यायची नाही. व्यापारी आला की ते कळपात शिरायचे, जे द्यायचं त्याचा मागचा पाय धरायचे, उचलून खांद्यावर घ्यायचे आणि स्वतः त्या माणसाच्या गाडीत नेऊन ठेवायचे. उतारवयात कंबर धरायची, तरी उचलायचेच. मी एकदा म्हणालो, "आबा, हाळी द्या की. आपसूक येत्याल." त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मला तिथून उठून जावंसं वाटलं.

"हाळी पान्याची आन् चाऱ्याची," ते म्हणाले. "हाळी देऊन इकलं तर उद्या कोन यील बे आपल्याकडं?"

मग आबांचा घसा गेला. तंबाखूनं, दुसरं काय. डॉक्टरांनी सांगितलं की आवाजाची पेटीच काढावी लागेल, माणूस वाचेल पण बोलणार नाही. आबांनी मान हलवली. ऑपरेशनला नेण्याआधी माय मला बाजूला घेऊन म्हणाली, "तुज्या त्या मोबाईलात त्येंची हाळी भरून ठिव." मी त्या संध्याकाळी आबांच्या मागं मागं फिरून हाळी भरून घेतली. घसा खरखरत होता, पण मेंढरांना खरखरीचं काही नव्हतं. ती आली.

दवाखान्यातून परत आलेले आबा म्हणजे गळ्याला भोक आणि त्यावर पांढरं फडकं. बोलायला गेले की भोकातून नुसती हवा. घरचे आम्ही खुणांवर निभावलं. कळपानं मात्र निभावून घेतलं नाही. आबा टाळ्या वाजवायचे, काठी आपटायचे, मेंढरं बावरून उलटी पळायची. आयुष्यभर ज्यांना एका हाळीत आणलं त्यांच्यामागं हा माणूस बांधाबांधानं धावत होता. थोड्या दिवसांनी त्यांनी धावणं सोडलं आणि कळपाकडं पाठ करून बसायला लागले. जेवत होते, चहा घेत होते, फक्त तोंड तिकडं करत नव्हते. मला ते बघवत नव्हतं.

माझ्या मोठ्या भावाला ते बरोबर दिसलं. दादा गावातच असायचा. पांढरे कपडे, पांढरी गाडी, मागंपुढं माणसं. मेंढरांमागं तो शाळेच्या वयानंतर एक दिवस चालला नाही, पण भाषणात "मी मेंढपाळाच्या पोटचा" असं छाती ठोकून सांगायचा. तो आला, आबांकडं बघितलं आणि म्हणाला, "आबाच्यानं आता कळप हुत न्हाई. समदा इकून टाकू." आबांनी जोरात मान हलवली, नाही म्हणून. दादा मला म्हणाला, "कळप ऐकंना म्हातार्‍याचं, दिसत न्हाई का तुला?"

म्हणजे प्रश्न सरळ होता. कळपानं आबांचं ऐकलं तर कळप राहणार, आणि कळप राहिला तर आबा आबा राहणार.

मी मोबाईल काढून हाळी वाजवली. आवाज डासासारखा निघाला. पुढं चालणारी म्हातारी मेंढी होती, तिनं एक कान हलवला आणि झालं. मग मी बाजारातून एक छोटा स्पीकर आणला. त्यातून आबा रांजणात तोंड घालून ओरडल्यासारखे ऐकू आले आणि अर्धा कळप शेजारच्या हरभऱ्यात घुसला. शेतमालकाच्या शिव्या खाल्ल्या. पण एक कळलं. मेंढरांना मोठा आवाज नको होता, आबांचा आवाज हवा होता. ट्रक तर रोज कळपाच्या आधी पुढच्या मुक्कामाला जाऊन उभा राहतोच. त्यातच चांगला आवाज बसवला आणि आबांना केबिनमध्ये बसवलं तर हाळी परत पुढून जाईल, असं माझ्या डोक्यात आलं.

गाडीच्या आवाजातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. ट्रकमध्ये जुना टेप होता, तो कॅसेट गिळून कधीचाच गप्प झालेला. एक स्पीकर होता, त्याचा कागद उंदरांनी खाल्लेला. मी माजलगावला गाड्यांची सिस्टीम बसवणाऱ्या एका दुकानात गेलो. दुकानदारानं विचारलं, "कोन्ती गानी ऐकता पाव्हनं?"

"गानी न्हाईत. मेंढरांना ऐकवायचं हाय."

तो हसला. आतल्या माणसाला हाक मारून त्यालाही हसवलं. मग मला एक भलामोठा डबा दाखवून म्हणाला, "ह्यो घ्या. बेस असा की छातीत धडधडलं पायजे."

"मेंढराच्या छातीत आधीच धडधड असती," मी म्हणालो. "मला मानसाचा घसा ऐकू आला पायजे."

हे त्याच्या डोक्यात शिरायला वेळ लागला. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला छातीच बडवायची असते, घसा कुणाला हवाय? मी हट्टानं तिथंच बसून राहिलो आणि एकेका स्पीकरवर आबांची हाळी लावून ऐकली. दुपारपर्यंत माझ्या मलाच कळत गेलं. डब्याच्या मोठ्या स्पीकरवर हाळीचा चिखल होत होता. छोट्यावर नुसती टिचकी ऐकू यायची, घसा नाही. दारात बसतात ते मधल्या मापाचे स्पीकर लावले तेव्हा 'ह्याऽऽव' वर चढताना आबा जिथं थोडा श्वास घेतात ती जागासुद्धा ऐकू आली. माझ्या अंगावर काटा आला. दुकानदार म्हणाला, "ह्यात मजा न्हाई." मी म्हणालो, हेच दे.

ते दोन दारांसाठी, टिचकीसाठी दोन बारके, त्यांना जोर द्यायला साधा ॲम्प्लिफायर आणि पेनड्राइव्ह लावता येईल असा टेप, एवढं ठरलं. जुनी दारं म्हणजे नुसता पत्रा. स्पीकर वाजला की दार स्वतःच वाजायचं. मी दारं उघडून आत ट्यूबच्या रबराचे तुकडे चिकटवले, सैल नटबोल्ट आवळले, काचेच्या खोबणीत गोणपाट कोंबलं. माय म्हणाली, "गोधडी शिवल्यावानी करतोयस."

खरी माती दुकानदारानं खाल्ली. ट्रकच्या दोन बॅटऱ्या मिळून चोवीस व्होल्ट देतात, आणि टेपला लागतात बारा. त्यानं काय केलं, दोनपैकी एकाच बॅटरीवरून वायर ओढली. वाजलं, मी खूश होऊन निघालो. पण सगळं ओझं एकीवर, आणि दुसरी भरलेली. थोड्याच दिवसांनी दिंद्रुडच्या अलीकडं ट्रकनं सकाळी नुसतं खाकरून दाखवलं. आम्ही धक्के मारले. परत जाऊन विचारलं तर तो निवांत म्हणाला, "समदे असंच करत्यात." आपला निम्मा तालुका या एका वाक्यावर चालतो. मी तिथंच आरडाओरडा केला, चोवीसचे बारा करणारा डबा मध्ये बसवून घेतला तेव्हाच उठलो. इंजिन चालू असलं की स्पीकरमधून एक कुईकुई यायची, तीही घालवली. अर्थिंगची वायर पत्र्याच्या रंगावरच आवळली होती. रंग खरवडून लोखंडाला लावल्यावर ती गेली.

मग एका दुपारी मी ट्रक कापून झालेल्या उसाच्या फडात उभा केला, दोन्ही दारं कळपाकडं सताड उघडली आणि आबांना आत बसवलं. ते बसायला तयार नव्हते. मी त्यांचा हात धरून बटणावर ठेवला.

हाळी गेली. म्हातारी मेंढी थांबली. तोंडातला पाला तसाच ठेवून तिनं मान वर केली, ट्रककडं बघितलं आणि चालायला लागली. तिच्यामागं एकेक करत सगळी. धावत नाही, बावरून नाही, रोज यायची तशी. आबांचं तोंड मला दिसत होतं. ते हसले नाहीत. मेंढरं जवळ आली तसा त्यांनी आपण होऊन आवाज थोडा कमी केला. हाळी देताना जवळ आलेल्या जनावरासाठी ते नेहमी आवाज खाली आणायचे. माय चुलीपाशी उभी होती. म्हणाली, "बोलाया लागला म्हातारा." आणि पदर डोळ्याला लावला. मलाही रडू आलं.

पुढचे दिवस चांगले गेले. आबा सकाळी केबिनमध्ये चढून बसायचे, फडक्यानं टेप पुसायचे. कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. कळपाकडं त्यांची पाठ मी परत बघितली नाही.

दादा आला तेव्हा मीच हौसेनं त्याला दाखवलं. आबांनी हाळी लावली, कळप आला. दादानं तोंड भरून कौतुक केलं. "भारी केलंस बे. ह्ये चालू कसं करायचं?" मी सांगितलं. त्याच्यासमोर दोनदा करून दाखवलं. निवडणूक आली होती, त्याच्यामागची माणसं वाढली होती, पण मी दुसरं काही मनात आणलं नाही. भाऊ होता.

बाजाराच्या दिवशी मी मायला मोटारसायकलवर घेऊन दिंद्रुडला गेलो. पीठ आणायचं होतं आणि आबांच्या गळ्याला लागणारी पट्टी. आबा मुक्कामावर एकटेच. परत येताना उन्हं वर होती, कळप सावलीला बसायची वेळ, आणि कालव्याच्या अलीकडूनच मला हाळी ऐकू आली. स्वच्छ. मागून माय म्हणाली, "बघ, बोलवतोय." मी गाडी हळू केली. हाळी परत आली, लगेच परत. आबा अशी घाई कधी करत नाहीत. मी गाडी परत जोरात सोडली.

बांध ओलांडल्यावर दिसलं. परजिल्ह्याची एक दोन मजली गाडी उभी होती, मेंढरं नेतात ती. तिला फळी लावलेली. आमचा ट्रक पाठीमागं नेऊन तिच्या बाजूला भिडवलेला, दारं सताड उघडी. केबिनमध्ये दादा बसला होता, हात बटणावर. फळीवरून आमची मेंढरं एकामागं एक त्या गाडीत चढत होती. कुणी ढकलत नव्हतं. त्यांना आबा बोलावत होते.

आबा समोर उभे होते. दोन्ही हातांनी ट्रकचं बॉनेट बडवत होते. तोंड उघडं, मानेवरच्या शिरा तट्ट फुगलेल्या, आणि गळ्याच्या भोकातून नुसती हवा. दादाची दोन माणसं त्यांच्या दोन्ही बाजूंना होती, पडू नयेत म्हणे.

मी मोटारसायकल तशीच टाकली. दादाला बखोट धरून खाली ओढला आणि टेप बंद केला. तोवर गाडी भरत आली होती. व्यापाऱ्याला म्हणालो, उतरव सगळी. तो म्हणाला, "मालकांशी ठरलंय." मालक म्हणजे पांढऱ्या कपड्यातला.

"कावून बोंबलतोस?" दादा कपडे झाडत म्हणाला. "समद्यांच्या भल्यासाठी केलंय. आबाला म्हनलं लस टोचनारे आलेत, कळप बोलवा. त्येंनीच बोलावला. म्होरं म्या वाजवलं."

"आबांना इचारलं?"

"बोलू दे की त्येंना," तो म्हणाला. "न्हाई म्हनू दे. म्या हितंच उभा हाय, ऐकतो."

त्याची माणसं हसली. हे वाक्य मी अजून विसरलेलो नाही आणि विसरणारही नाही. मी त्याच्या तोंडात मारली. त्यानं मला मारलं, माय मध्ये पडली, त्याच्या माणसांनी मला धरून ठेवलं. उरलेली मेंढरं त्यांनी उचलून भरली. म्हातारी मेंढी हाळीला सगळ्यात आधी चढली होती. गर्दीत पाय दुखावून ती लंगडायला लागली होती, म्हणून व्यापाऱ्यानं तिला पायानं फळीवरून ढकलून खाली टाकली. गाडी गेली. नंतर दादा निवडून आला. त्याच्या सत्काराला गावानं आमच्या ट्रकमधली सिस्टीम मागितली होती. मी त्याला आता दादा म्हणत नाही.

आम्ही माळावर परत आलो, ट्रक, माय, आबा आणि ती लंगडी मेंढी. आबा पुन्हा पाठ करून बसायला लागले. आता पाठ कशाकडं करतात तेही कळत नव्हतं. मेंढी मोकळीच असायची. एका संध्याकाळी ती चरत बांधापर्यंत गेली. मला वाटलं, निदान ही एक येईल, म्हातारा निदान एवढं तरी बघेल. मी ट्रकची दारं उघडली आणि हाळी लावली.

मेंढीनं मान वर केली. कान मागं टाकले. आणि उलटी पळाली. लंगडत, पडत, बांध ओलांडून पलीकडच्या ओढ्यात. मी परत वाजवली तशी आणखी लांब गेली.

आबांनी वळून हे सगळं बघितलं होतं. ते उठले, केबिनपाशी आले, टेपमधला पेनड्राइव्ह काढला आणि दगडावर ठेवून दगडानं ठेचला. मग माझ्यापुढं हात केला. मला कळलं, पण मी न कळल्यासारखं उभा राहिलो. त्यांनी माझ्या खिशाकडं बोट केलं. मोबाईलमध्येही हाळी होती, हे त्यांना ठाऊक होतं.

माय धावत आली. "एवढं राहू द्या की वो. म्या ऐकीन कवातरी. तुमचा आवाज हाय त्यो."

आबांनी तिच्याकडं बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि मान हलवली. दादाला हलवली होती तशीच. या खेपेला मी त्यांचं ऐकलं. त्यांच्यासमोर मोबाईल धरला, हाळी पुसली आणि त्यांना दाखवलं की आता काही नाही. माय चुलीपाशी जाऊन पाठमोरी बसली.

सिस्टीम अजून ट्रकमध्ये आहे. ती काढायला मला हात लावावासा वाटत नाही.

अंधार पडत आला तरी मेंढी ओढ्यातच होती. आबा बांधावर उभे होते, मी होतो, माय होती, आणि तिला बोलवायला आमच्यापैकी कुणाकडं काही उरलं नव्हतं. मी ओढ्यात उतरलो, तिचा मागचा पाय धरला आणि तिला खांद्यावर उचलून घरी आणलं.